'वरून फाईल काढून देतो' वाल्या एजंटची सर्व्हिस: एक स्टार

राजेहो, आमच्या गावच्या सामूहिक वनहक्काची, म्हणजे जंगलातला तेंदूपत्ता-बांबू ग्रामसभेनं विकायच्या हक्काची, फाईल एसडीओ हापिसात पडून होती म्हणून आमी एक एजंट धरला, नाव लिहत नाही, ज्याले समजायचं त्याले समजते. बोलणं असं का बाप्पा, साहेब याच्या खिशात अन् आमदार याच्या मोबाईलमधे. ग्रामसभेनं घरोघरची वर्गणी काढून पैसे दिले, पावती मागतली तर म्हणे काका अशा कामाची पावती राहते का. आठ महिन्यानं कळलं का ज्या तेंदूच्या ठेकेदाराले आमचा हक्क नको होता त्याचं कामही हाच पाहत होता!

मले वाटलं हे आपल्याकडंच चालते. पुतण्यानं अमेरिकेतल्या जॅक अब्रामॉफचं, म्हणजे सरकारदरबारी लोकाईची कामं करून देणाऱ्या तिकडच्या मोठ्या एजंटचं, सांगतलं तर मी गार. तिकडं आदिवासी जमातीले १९८८ च्या कायद्यानं आपल्या जमिनीवर कॅसिनो चालवता येते, पण राज्यासोबत करार लागते, वॉशिंग्टनची मंजुरी लागते, अन् जिथं मंजुरी तिथं मधला माणूस आलाच. टेक्सासच्या टिग्वा जमातीचा कॅसिनो २००२ मधे बंद पडला. त्या राज्यातले कॅसिनो बंद पाडायची मोहीम लुइझियानाच्या कुशाटा जमातीच्या पैशावर, धंद्यात कॉम्पिटिशन नको म्हणून, अन् चालवणारे अब्रामॉफ आणि त्याचा पार्टनर स्कॅनलन. मग हेच दोघं टिग्वाकडं गेले, म्हणे आमी उघडून देतो. अब्रामॉफ म्हणे मी तर फुकट काम करतो, फक्त पार्टनरले द्या. ४२ लाख डॉलर घेतले, अन् आतून त्यात याचाही वाटा. ईमेलमधे याच गिऱ्हाइकाईले माकडं म्हणत होते. कॅसिनो काही उघडून दिला नाही. २००६ मधे अब्रामॉफनं गुन्हा कबूल केला अन् आत गेला, त्याच्या पाठीमागं बॉब नेय नावाचा खासदारही. आमचा मात्र चौकात पान खाते.

सर्व्हिसचं म्हणाल तर फोन पहिल्या रिंगमधे उचलते, पैसे देईपर्यंत. शेवटी गावातल्या तीन बाया अन् मी एसटीनं गेलो, ठरावाच्या झेरॉक्सा दिल्या, पोच घेतली, आवक नंबर लिहून आणला. खर्च तिकिटाचा अन् चहाचा. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाले २००९ मधे हक्क भेटला तो ग्रामसभेच्या जोरावर, हे आमाले माहीत होतं, तरी एजंट धरला, चूक आमचीही आहेच.

मागच्या हप्त्यात त्याचाच फोन, म्हणे काका, तेंदूच्या लिलावाच्या टायमाले मी आहोच. कोणाकडून आहे, तेवढं विचारायचं राहिलं.