पावतीवर ‘प्रवेश’ हा शब्दच नव्हता : संगीत व्यवसायाच्या पदवीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मी भांडुपला राहते. बी.कॉम. झाल्यावर मला संगीताच्या क्षेत्रातच काम करायचे होते, पण गायिका म्हणून नव्हे. गाण्याचे हक्क कोणाकडे असतात, रॉयल्टी कशी गोळा होते, एखाद्या जाहिरातीत किंवा मालिकेत गाणे वापरायचे असेल तर परवाना कोण देतो, ही व्यवहाराची बाजू मला शिकायची होती. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयासारख्या संस्थांत हा विषय पदवीला असतो हे मी वाचले होते, पण तिथे जाण्याची आमची ऐपत नव्हती. त्यामुळे मे २०२२ मध्ये अंधेरी पश्चिमेच्या एका संस्थेची ‘ब्रिटिश विद्यापीठाची संगीत व्यवसायातील पदवी, आता मुंबईत’ अशी जाहिरात पाहिली, तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही. तक्रार अजून प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण पाटी बदलून तीच पद्धत पुन्हा वापरता येते.

चौकशीला मी आणि बाबा गेलो. दोन वर्षांचे शुल्क ३,४०,००० रुपये, तीन हप्त्यांत, आणि शेवटी नामांकित म्युझिक कंपनीत नोकरीची हमी, असे तिथल्या समुपदेशक मॅडमनी सांगितले. बाबा बेस्टमधून निवृत्त झाले होते आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘विद्यापीठाचे पत्र आहे का?’’ मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेले एक पत्र पडद्यावर दाखवले. त्याची प्रत मागितल्यावर ते गोपनीय असल्याचे सांगण्यात आले. पदवीसाठी दोन संस्थांमध्ये झालेला करार विद्यार्थ्यापासून गुप्त ठेवण्याचे काहीही कारण नसते, हे आम्हाला त्या क्षणी उमगायला हवे होते. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि धनादेश लिहिला. त्याच दिवशी माझ्यापुढे चौदा पानांचा करार ठेवला गेला. बाहेर इतर पालक थांबलेले होते, आणि मी प्रत्येक पानाच्या तळाशी सही करत गेले.

पहिले सहा महिने वाईट नव्हते, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. आम्हाला शिकवायला स्टुडिओत प्रत्यक्ष काम करणारे एक ध्वनिमुद्रणतज्ज्ञ येत. एका गाण्यात दोन निरनिराळे हक्क असतात, हे त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढून समजावले होते. एक शब्द आणि चाल यांचा, जो मुळात गीतकार-संगीतकाराचा असतो. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा त्यासाठी पैसे घालणाऱ्या निर्मात्याचा असतो. पहिल्या चौकोनाची रॉयल्टी गोळा करायला १९६९ पासून काम करणारी आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी, दुसऱ्याचे परवाने द्यायला पीपीएल ही कंपनी, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख म्हणून बारा अक्षरे-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. मानधन थकल्यामुळे डिसेंबरमध्ये ते येईनासे झाले आणि त्यांच्या जागी कोणीही आले नाही. तरी ते दोन चौकोन पुढे मला उपयोगी पडले.

दुसऱ्या वर्षी वर्ग जवळपास बंद पडले आणि ‘इंटर्नशिप’ सुरू झाली. आम्ही अकरा जण त्याच इमारतीत, संस्थेच्याच संचालकांच्या म्युझिक लेबलसाठी, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीसाठी, गाण्यांची माहिती तक्त्यांत भरत होतो, मुखपृष्ठे चढवत होतो आणि कलाकारांना फोन करत होतो. या कामाचा एक रुपयाही मिळत नव्हता. उलट त्या महिन्यांचे शुल्क आम्हीच भरत होतो. त्याच काळात प्रत्येकाने ‘अंतिम प्रकल्प’ म्हणून एक गाणे तयार करायचे होते. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची लय मनात घेऊन मी एक चाल बांधली, शब्द लिहिले आणि माझ्या मैत्रिणीने ते गायले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मावसभावाने मला एक रील पाठवली, त्यात माझीच चाल वाजत होती. गाणे ऐकण्याच्या सर्व ॲप्सवर ते त्या लेबलच्या नावाने प्रसिद्ध झालेले होते आणि संगीतकार म्हणून संचालकांचे नाव होते.

त्या रात्री मी चौदा पाने पहिल्यांदा वाचली. अकराव्या पानावर लिहिले होते की प्रशिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याने निर्माण केलेल्या सर्व कृतींचे सर्व हक्क संस्थेकडे जातील आणि विद्यार्थी रॉयल्टीवर दावा सांगणार नाही. मग मी पावत्या काढल्या. तिन्ही पावत्यांवर ‘प्रवेश’, ‘पदवी’ किंवा ‘शिक्षणशुल्क’ यांपैकी एकही शब्द नव्हता. ‘कार्यशाळा नोंदणी, परतावा नाही’ एवढेच छापलेले होते. जाळीदार निळ्या नक्षीची ती जाड पावती बाबांनी जीवनविम्याच्या कागदांसोबत जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या ब्रिटिश विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल केला. चार दिवसांत उत्तर आले : मुंबईतील कोणत्याही संस्थेशी आमचा करार नाही. हा ईमेल मी प्रवेशाआधी पाठवला असता तर बाबांची पुंजी वाचली असती, ही बोच अजून जात नाही. भारतीय संस्थांपैकी पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो. परदेशी विद्यापीठाशी संयुक्त पदवी देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत आणि त्यांनुसार फ्रँचायझी पद्धतीने अभ्यासक्रम चालवता येत नाही. खासगी प्रशिक्षण वर्गाने प्रमाणपत्र देण्यात गैर काही नाही. त्याला पदवी म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

दादरच्या एका वकील ताईंनी करार वाचून जे सांगितले, ते गाणी करणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. विद्यार्थी हा संस्थेचा नोकर नसतो, त्यामुळे चालीची पहिली मालकी माझीच होती. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही, आणि तसा करार केला तरी ते कलम निरर्थक ठरते. करारात हक्कांची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. माझ्या अकराव्या पानावर मुदत नव्हती. या मुद्द्यांवर नोटीस गेल्यानंतर दीड महिन्याने संगीतकार म्हणून माझे नाव लागले. गाणे मात्र अजून त्यांच्याच लेबलवर आहे.

पैशांचे प्रकरण अधिक अवघड ठरले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर संस्थेने ‘कार्यशाळा पूर्ण झाली आहे’ असे उत्तर दिले आणि पुरावा म्हणून त्याच पावत्या जोडल्या. पोलीस ठाण्यात आधी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले गेले. विद्यापीठाच्या ईमेलची छापील प्रत आणि मूळ जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेऊन आम्ही चार कुटुंबे एकत्र गेलो, तेव्हा अर्ज दाखल करून घेतला गेला. आतापर्यंत ९०,००० रुपये परत आले आहेत. जाहिरात नंतर हटवण्यात आली, म्हणून स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत. आमच्यातल्या एका मुलाच्या फोनमध्ये ते योगायोगाने उरले होते.

मागच्या आठवड्यात ठाण्याहून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाला गोरेगावच्या एका संस्थेत असाच अभ्यासक्रम करायचा आहे आणि जागा राखून ठेवण्यासाठी त्यांनी दहा हजार भरले आहेत. मी त्यांना पावती काढून त्यावर काय लिहिले आहे तेवढे वाचायला सांगितले. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला आणि मग त्यांनी एकेक शब्द जुळवत वाचले, ‘‘कार्यशाळा... नोंदणी... परतावा नाही.’’ उरलेला हप्ता भरू नका आणि आजच विद्यापीठाला ईमेल करा, असे मी त्यांना सांगितले. ईमेलचा मसुदा त्यांच्या मुलाने फोनवरच माझ्याकडून लिहून घेतला.