चकलीची छुरपी, तीन महिने वापरून

आमची चकली म्हणजे देशी कुत्री, शेपूट अगदी भाजणीच्या चकलीसारखी वळलेली म्हणून ते नाव. वय दीड वर्ष, वजन अठरा किलो. चघळायला काही दिलं नाही तर ती स्वतः शोधते, आत्तापर्यंत टीव्हीचा रिमोट, माझी एक कोल्हापुरी आणि आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) चष्म्याचं घर एवढं तिच्या खात्यावर जमा आहे. म्हणून गेले तीन महिने तिला छुरपी देतेय, म्हणजे दुधाची, वाळवून कडक केलेली चघळायची कांडी.

आधी पेट शॉपवाल्याने ती पांढरी, दोन्ही टोकांना गाठ मारलेली हाडं गळ्यात मारली होती. "सगळे हेच नेतात ताई." पाकिटावर मोठ्ठं नॅचरल लिहिलेलं. नंतर कळलं की ते हाड नसतंच, जनावराच्या कातड्याचा आतला थर असतो, चुन्यात घालून केस काढलेला आणि वाळवलेला, तोंडात भिजला की चिवट रबर. एका रात्री चकलीने टोकाची गाठ अख्खी गिळली आणि पहाटे चारला गॅलरीत ओकून बाहेर काढली, ओल्या मोज्यासारखा गोळा होता तो. डॉक्टर म्हणाले नशीब समजा, आतड्यात अडकला असता तर पोट उघडावं लागलं असतं. तेव्हापासून नॅचरल हा शब्द दिसला की मी पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचते.

आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, चकलीचं उकडलेलं अंडंसुद्धा बाल्कनीत होतं. त्यामुळे वाळवलेले पाय, कान, श्वासनलिका हे सगळं बाद. बुली स्टिक म्हणजे रेड्याच्या नक्की कुठल्या अवयवाची काडी हे गूगल केल्यावर तर मी आईंना ते सांगायच्या भानगडीतच पडले नाही. उरली छुरपी. ही मुळात माणसांची वस्तू बरं का, नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे लोक कडक छुरपीचा तुकडा सुपारीसारखा गालात धरून तासन्‌तास चघळतात. लोणी काढलेलं दूध फाडायचं, चोथा दाबून पाणी काढायचं, कांड्या कापून वाळवायच्या, धुरावर सुकवायच्या. पाकिटावर याकचा फोटो असतो पण याक हा नर, त्याच्या मादीला तिकडे नाक म्हणतात (आमच्याकडे यावर दोन दिवस विनोद चालले) आणि दूध बऱ्याचदा गाईचं किंवा याक-गाईच्या संकराचं, ज्याला चौरी म्हणतात, तिचं असतं. माझ्या पाकिटावर घटक एवढेच, दूध, मीठ, लिंबाचा रस. वाचून बरं वाटलं.

हातात घेतली तर वीट. टेबलावर टाकली तर टण्ण वाजली. चकलीने हुंगली, एकदा चाटली आणि माझ्याकडे असं बघितलं की हे काय आणलंस. मग दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून दिली तेव्हा तार जुळली. दोन्ही पुढच्या पंजात उभी धरून, डोकं तिरकं करून, एका बाजूच्या दाढेने किसत बसते, वीस मिनिटांनी टोक दातवणाच्या काडीसारखं पिंजारलेलं असतं. वास फार नाही, जवळ नेलं तर किंचित करपलेल्या खव्यासारखा. सोफ्याला डाग नाही. मोठी कांडी साधारण साडेतीनशेला पडली, आमच्याकडे दहा-बारा दिवस पुरते.

आता जे दुकानदार सांगत नाहीत ते. डॉक्टरांची साधी परीक्षा आहे, चघळायच्या वस्तूत नख दाबा, जराही रुतलं नाही तर ती दातांसाठी जास्त कडक. कोरडी छुरपी या परीक्षेत सरळ नापास होते. मैत्रिणीच्या लॅब्रेडॉरने म्हशीचं शिंग चावताना वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडवला, शेवटी भूल देऊन दात काढावा लागला, आणि शिंगही नॅचरलच होतं ना! चकली किसते, कडाकड फोडत नाही, म्हणून मी देते, तेही भिजवून, वीस मिनिटं, मी समोर असताना. तुमचा कुत्रा फोडणाऱ्यातला असेल किंवा पिल्लाचे दुधाचे दात असतील तर माझ्याकडून नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण मीठ आहे. आणि पहिल्याच दिवशी लाडात येऊन तासभर दिलीत तर दुसऱ्या दिवशी जुलाब, हे स्वानुभवाने सांगते. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावा म्हणतात, त्यामुळे छुरपीच्या दिवशी तिची रात्रीची अर्धी पोळी बंद.

साइजच्या तक्त्यात कुत्र्याचं वजन बघून जी येते तिच्यापेक्षा एक नंबर मोठीच घ्या. एकाच पाकिटात एक कांडी खडूसारखी ठिसूळ, दुसरी दगड असंही निघालं. जुलैत एका कांडीच्या भेगेत हिरवी बुरशी धरली, विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणे पावसाळा आहे मॅडम. जसं काही पाऊस मी पाडला! आता पुसून, नीट वाळवून स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते.

शेवटी दोन इंच उरली की काढून घ्यायची, घशात अडकते. पण फेकायची नाही, पाच मिनिटं भिजवून मायक्रोवेव्हमध्ये चाळीसेक सेकंद ठेवली की कुरडईसारखी टम्म फुलते आणि हलकी कुरकुरीत होते. आतून चांगलीच गरम असते, पूर्ण गार होईपर्यंत थांबा. चकली तेवढा वेळ ओट्याखाली शेपूट आपटत बसते. परवा आईंनीच ती फुलवली, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमीच आहे गं."