नाशिकची निवांत ट्रिप, फक्त दोघांची (गंगापूर धरणाकडचा होमस्टे)

नाशिकला जायचं म्हटलं की घरचे लगेच त्र्यंबक, शिर्डी, वणी सगळं एकाच ट्रिपमध्ये कोंबायला बघतात, पण तुम्हाला दोघांनाच शांतपणे राहायचं असेल तर देवदर्शनाची ट्रिप वेगळी ठेवा आणि ही वेगळी. आम्ही फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, दिवसा छान ऊन, रात्री स्वेटर लागतो, फिरायला एकदम बेस्ट हवा.

राहायला गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षबागेतला छोटा होमस्टे घेतला, काका-काकू स्वतःच चालवतात, खोल्या मोजक्याच. खोली स्वच्छ, टीव्ही नाही आणि त्याची आठवणही झाली नाही. काकूंच्या हातचं पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा म्हणजे विषयच नाही, नवरा दोन्ही वेळेला तेच मागत होता!! पण सकाळी लवकर आंघोळ करायची तर पाणी कोमटच येतं, सोलर आहे ना, काकू बंबात तापवून देतात पण आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, हे त्यांनी बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं असं मला वाटतं.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर काकांनी बाग दाखवली ते. घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते, मी विचारलं पाखरांसाठी का, तर म्हणाले नाही ताई, रात्री गारठा आणि दिवसा कडक ऊन असलं की हिरवे मणी गुलाबी पडतात, मग एक्स्पोर्टवाले माल घेत नाहीत, म्हणून एकेक घड हाताने झाकायचा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून इतकी मेहनत घ्यायची आणि एका अवकाळीत सगळं जायचं. त्यानंतर बाजारात द्राक्षांचा भाव करायला जीभ उचलत नाही, खरंच.

सुला तिथून जवळ आहे, १९९९ पासूनची वायनरी, टूर आणि टेस्टिंग दोन्ही करा, आम्हाला चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाईन आवडली. शनिवार-रविवार मात्र टाळा, मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तेव्हाच येते. पांडवलेणीला सकाळी उन्हाआधीच चढा, पायऱ्या बऱ्याच आहेत पण २४ लेणी आहेत आणि ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करणारा लेख भिंतीवर कोरलेला आहे, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्यासमोर उभं राहिलं की भारी वाटतं. उतरल्यावर मिसळ, काळा रस्सा, सोबत पापड आणि दही, तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागून घ्या. पंचवटीत काळाराम मंदिर आणि गोदाघाट संध्याकाळी बघून घेतला, २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्याने गाडी लांब लावून चालत जाणंच सोपं पडलं.

येण्याजाण्याचं आधी ठरवा बरं का. मुंबईहून सकाळची वंदे भारत सोयीची, पण नाशिकरोड स्टेशन एका टोकाला आणि धरण दुसऱ्या टोकाला, ॲपवरची गाडी तिकडे जायला मिळते पण परत यायला मिळत नाही, आम्ही काकांच्या ओळखीचा रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवला आणि तेच परवडलं. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. होमस्टेला पाचपैकी साडेचार, द्राक्षं घ्यायची तर बागेतूनच घ्या, काकू पेटी भरून देतात.