नवजात बाळाचं हृदय: स्टेथोस्कोप की पल्स ऑक्सिमीटर?

बाळ गुलाबी दिसतं म्हणून हृदयात जन्मजात दोष नाही, असं मानून निर्धास्त राहू नये. ऑक्सिजन 85 टक्क्यांवर आला तरी निळेपणा डोळ्यांना सहज कळत नाही. तिथे ऑक्सिमीटरच हवा: जन्मानंतर 24 तासांनी, उजवा हात आणि एक पाऊल. कुठेही 90 पेक्षा कमी आलं तर लगेच टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी). एकीकडे जरी 90 ते 94, किंवा दोहोंत 3 पेक्षा जास्त फरक, तर तासाभराने पुन्हा. पाऊल गार असलं की आकडा फसवतो, आधी ऊब द्या.

हृदयाच्या पडद्यातलं छिद्र मात्र स्टेथोस्कोपच पकडतो. तेही पहिल्या दिवशी क्वचितच. फुप्फुसांतला दाब उतरला की काही आठवड्यांत मर्मर (ठोक्यांमधला जादा सुसाट आवाज) ऐकू येते. महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असेल तर दोन्ही चुकू शकतात, म्हणून जांघेतली नाडी बोटांनी चाचपायचीच.