तान्ह्या पोळ्याचा नंदी: रंगात पाणी की मीडियम?

भाचीचा प्रश्न: तान्ह्या पोळ्याच्या (विदर्भातला लेकरांचा पोळा) लाकडी नंदीसाठी आणलेला अ‍ॅक्रिलिक रंग घट्ट झालाय, पाणी घालू की मीडियम (रंग पातळ करायला दुकानात मिळतं ते द्रव)?

खर्चात पाणी जिंकतं. मीडियम तालुक्याला मिळेलच असं नाही. नागपूर-अमरावतीची खेप पडते.

टिकण्यात मात्र उलटं. रंगाचे कण धरून ठेवतो तो त्यातला अ‍ॅक्रिलिकचा चीक. पाणी जास्त झालं की तो विरळ होतो, वाळलेला रंग खडूसारखा बोटाला लागतो. मीडियम म्हणजे तोच चीक, रंगाविना. पकड राहते, फक्त रंग पारदर्शक होतो. तेलकट लाकडावर दोन्ही सोलून निघतात, आधी पॉलिश पेपर मारा.

दोन-चार थेंबांत भागलं तर पाणी पुरे. झुलीवर पातळ थर चढवायचे, किंवा लेकरं नंदी ओढत घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागणार, तर मीडियमच.