काळ्या स्लीव्हखाली फुटके बाण

मुलीच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कार्बनचं कुसळ शिरलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण फसलोय. बाण सोडताना शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, पुढच्या बाजूला उकलला होता. डॉक्टरांनी कुसळ काढलं, टाके पडले नाहीत. थोडक्यात निभावलं. पण तेच कुसळ डोळ्यात गेलं असतं तर, हा विचार अजूनही रात्री झोप उडवतो.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. मुलगी 13 वर्षांची, तिसरं वर्ष ग्राउंडवर जातेय, 26 पाउंड ताणाच्या रिकर्व्ह धनुष्याने बाण मारते. 2023 ला साताऱ्याच्या अदिती स्वामीने 17 व्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीचं जागतिक सुवर्ण आणलं, नागपूरच्या ओजस देवतळेनेही तिथेच आणलं, आणि आमच्याकडच्या ग्राउंडवर मुलांची रीघ लागली. मुलांच्या मागोमाग सामान विकणारेही आले. त्यातले बरेच जण प्रामाणिक आहेत, हे आधीच सांगते. आम्हाला भेटलेला माणूस तसा नव्हता.

एका स्पर्धेच्या वेळी मैदानाबाहेर गाडीची डिकी उघडून तो बसला होता. मुलीच्या प्रशिक्षक सरांनी सांगितलं होतं, 800 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप) कार्बन शाफ्ट घ्या. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "ताई, कार्बन पुढनंच फुटतं बघा. बट्टाच्या (निशाण लावतात त्या फळीच्या) लाकडाला लागलं की गेलाच बाण. आमच्याकडं पॉइंट (बाणाचं धातूचं टोक) बसवून, शाफ्टचं पुढचं टोक मजबूत करून मिळतं." डझनाचे 7,200 आणि मजबुतीचे बाणामागे 150, म्हणजे 1,800. एकूण 9,000 रुपये यूपीआयने दिले. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

तो जे बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला पटलं. बाण कठीण वस्तूवर आपटला की पॉइंटचा दांडा मागे रेटला जातो आणि नळी उभी चिरते. त्यावर खरा उपाय आहे. शाफ्टच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमची पातळ कॉलर चढवून ती इपॉक्सीने पक्की करतात. ती धातूची असते, नख फिरवलं की तिची कड लागते. आमच्या बाणांवर मात्र पॉइंटच्या मागे दोन इंच काळी, चकचकीत स्लीव्ह होती. इलेक्ट्रिशियन वायरवर चढवून गरम करून आवळतात ना, तसली. दिसायला इतकी नेटकी की मी सगळ्यांना कौतुकाने दाखवली.

तीन आठवड्यांनी हाताला लागलं. त्या संध्याकाळी सरांनी ब्लेड घेतलं आणि एका बाणाची स्लीव्ह सोलली. खाली दोन उभ्या चिरा. त्यात झटपट चिकटणारा गोंद भरलेला, वाळून पांढरट झालेला. शाफ्टचं तोंडही सरळ कापलेलं नव्हतं, करवतीने कापल्यासारखे धागे पिंजले होते. कार्बन फिरत्या अपघर्षक चाकाने कापतात, तोंडाला मास्क लावून, आणि मग कड सपाट घासून घेतात, म्हणजे पॉइंट चपखल बसतो. दुसरा सोलला, तिसरा सोलला. बारापैकी आठांची हीच कथा. तीन बाणांच्या नव्या पिसांखाली जुन्या पिसांच्या गोंदाचे माग होते. कुणीतरी वापरून फेकलेले शाफ्ट आम्ही नव्याच्या भावाने घेतले होते, आणि चिरा झाकण्याचे 1,800 वर वेगळे मोजले होते.

सरांनी मल्टिमीटरही लावला. कार्बनमधून वीज वाहते, काचेच्या फायबरमधून वाहत नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांना थोडं घासून वरचा लेप काढायचा आणि तिथे पिना टेकवायच्या. तीन शाफ्टवर आकडाच आला नाही. ते कार्बनचे नव्हतेच, वर नुसती काळी नक्षी.

पॉइंटही त्याच झटपट गोंदाने चिकटवलेले. "निघणारच नाहीत, एवढे पक्के," असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं. सरांच्या स्वतःच्या बाणांचे पॉइंट हॉट मेल्टने, म्हणजे गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने, बसवलेत. उकळत्या पाण्यात टोक बुडवलं की थोड्या वेळात फिरवून निघतात, कारण वजन बदलायचं तर पॉइंट निघायलाच हवा. हॉट मेल्ट लावतानाही आच पॉइंटला द्यायची, शाफ्टला कधीच नाही. उष्णतेने कार्बनमधलं रेझिन खराब होतं. त्याने तर स्लीव्ह आवळायला शाफ्टलाच आच दिली होती.

फुटक्या शाफ्टमधून सुटलेले पाच पॉइंट मी पेठेतल्या सोनारकाकांकडे नेले. 100 ग्रेनचा पॉइंट साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. काट्यावर 5.2 पासून 7.1 पर्यंत आकडे आले. तीन आठवडे मुलीचे बाण वर-खाली जात होते आणि नीट लक्ष दे म्हणून मी तिला बोलत होते. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दुकानात उभ्या उभ्या मला रडू आलं.

त्या विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही, तुमच्या मुलीनेच आपटले असतील." मग फोन उचलणं बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवलीय. बिल नाही, पण यूपीआयची नोंद, चॅट आणि स्लीव्ह सोलतानाचा व्हिडिओ आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता घरात सहाच नवे बाण आहेत, कॉलर लावलेले, बिलासकट. रोज नेम धरण्याआधी मुलगी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून चेहऱ्यापासून लांब हलकासा वाकवते, फिरवून चारही बाजूंनी वाकवते, मग नॉक (मागची, दोरीत अडकवायची खाच) आणि पॉइंट धरून पिळते. बारीक करकर ऐकू आली की तो बाण बाजूला.

त्या दिवशी त्या डिकीतून माझ्यासमोर आणखी चार-पाच पालकांनी बाण घेतले. तुमच्या मुलांच्या बाणांवर पॉइंटमागे अशी काळी स्लीव्ह असेल, तर उद्या सकाळी त्यांना ग्राउंडवर पाठवण्याआधी ती ब्लेडने सोलून बघा.