तक्त्यात नसलेले रकाने : साखरपुड्याच्या हिऱ्यात झालेली फसवणूक

साखरपुड्याच्या अंगठीसाठी मी हिरा घेतला तो घाईघाईने घेतला नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. दोन खडे शेजारी ठेवून, भिंगातून पाहून, दोन्हींची माहिती ताडून आणि एक रात्र विचार करून मी निवड केली होती. तरीही माझ्या वाट्याला जो खडा आला त्यात काचेसारखे द्रव्य भरून बुजवलेली एक चीर निघाली. तुलना न करता खरेदी केल्यामुळे लोक फसतात असे आपण नेहमी ऐकतो. माझी फसवणूक मात्र तुलनेतूनच झाली, कारण कशाची तुलना कशाशी, कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या मुद्द्यांवर करायची हे सर्व विक्रेत्याने आधीच ठरवून ठेवले होते. जे आज खडा निवडायला निघाले असतील त्यांच्या हाती ही माहिती वेळेत पडावी, यासाठी मी सर्व तपशील लिहीत आहे.

विक्रेत्याने माझ्यापुढे दोन गोल हिरे ठेवले आणि सोबत एक छापील कागद दिला. त्यावर दोन ओळी आणि चार रकाने होते : वजन, रंग, नितळपणा आणि किंमत. पहिला खडा ०.९२ कॅरट, रंग एच, नितळपणा व्हीएस-२, दुसरा १.०२ कॅरट, रंग एफ, नितळपणा व्हीएस-१. किंमत जवळजवळ सारखीच होती, किंबहुना दुसऱ्याची थोडी कमीच. असा तक्ता समोर आल्यावर कोणीही दुसऱ्या खड्याकडे बोट दाखवील आणि मीही तेच केले. जो खडा वजनाने जास्त, रंगाने दोन पायऱ्या वर आणि नितळपणात एक पायरी वर आहे तो स्वस्त कसा, हा प्रश्न मी विचारला होता. 'त्याची लॅब वेगळी आहे, नावाचे पैसे कमी लागतात; श्रेणी सगळीकडे सारख्याच असतात,' असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. माझी पहिली चूक ती होती.

रंगाची डी पासून झेडपर्यंतची आणि नितळपणाची अकरा पायऱ्यांची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती अमेरिकेत १९३१ मध्ये स्थापन झालेल्या जीआयए या संस्थेने रूढ केली. तिची अक्षरे मात्र हिऱ्यांचे परीक्षण करणारी कोणतीही प्रयोगशाळा आपल्या कागदावर छापू शकते, आणि परीक्षणाची कडक शिस्त अक्षरांबरोबर आपोआप येत नाही. एका ठिकाणचा एफ दुसऱ्या ठिकाणी एच किंवा आय ठरू शकतो. म्हणून दोन खड्यांची तुलना कागदावर करायची असेल तर दोन्ही कागद एकाच, कडक परीक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेचे असले पाहिजेत. तसे नसतील तर ती तुलना मुळात सुरूच करू नये. माझ्या तक्त्यात प्रयोगशाळेचा रकाना नव्हता.

त्यानंतर खडे प्रत्यक्ष पाहण्याचा भाग झाला. दुकानातील वरच्या दिव्यांचे झोत नेमके काउंटरवर पडत होते, आणि अशा झोतात जवळजवळ प्रत्येक हिरा इंद्रधनुष्यासारखे रंग उधळतो. त्याचा अंगचा पिवळसरपणा आणि त्याच्या पैलूंतील उणिवा त्या चमकेत बुडून जातात. माझा, १.०२ कॅरटचा खडा निळसर अस्तराच्या घडीच्या कागदावर होता, नाकारलेला साध्या कागदावर. निळसर पार्श्वभूमीवर पिवळी झाक मावळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिवाय ०.९२ कॅरटचा खडा विक्रेत्याने बोटांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि १.०२ कॅरटचा मात्र चिमट्याने, कापडाने पुसून. हिऱ्याला तेलकटपणा लगेच धरतो. हा गुण इतका पक्का आहे की खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे काढण्यासाठी ग्रीस लावलेली टेबले वापरली गेली आहेत. बोटांच्या तेलाने मंदावलेला खडा आणि नुकताच पुसलेला खडा यांची तुलना मी दहा मिनिटे अगदी मनापासून केली, हे आठवले की आजही वाईट वाटते.

शेवटी एक छोटे यंत्र दोन्ही खड्यांना टेकवण्यात आले, दोन्ही वेळा ते वाजले आणि 'दोन्ही अस्सल' असे मला सांगण्यात आले. ते यंत्र उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावरही ते वाजते, चीर भरलेल्या हिऱ्यावरही वाजते, आणि केवळ उष्णता मोजणारे यंत्र असेल तर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण हिरा नसलेल्या मोइसनाइटवरसुद्धा वाजते. मी जे प्रश्न विचारायला हवे होते त्यांपैकी एकाचेही उत्तर त्या आवाजात नव्हते.

अंगठी तयार झाली आणि दिली गेली. ती थोडी सैल होती म्हणून काही आठवड्यांनी आम्ही ती दुसऱ्या एका कारागिराकडे घट्ट करण्यासाठी नेली. त्या कारागिराचे उपकार मी विसरणार नाही. जोडकामाची ज्योत पेटवण्याआधी प्रत्येक खडा भिंगाखाली पाहण्याचा त्याचा नियम होता. त्याने अंगठी हळूहळू कलती केली, पुन्हा केली, आणि भिंग माझ्या हातात देऊन एका विशिष्ट कोनात थांबायला सांगितले. खड्याच्या आत, एका कडेजवळ, एक सपाट पट्टा नारिंगी-जांभळा चमकला. खडा किंचित फिरवल्यावर तोच पट्टा निळसर झाला. 'ही चीर भरलेली आहे, याला मी आच लावणार नाही,' एवढेच तो म्हणाला.

या प्रक्रियेची माहिती मी त्यानंतर मिळवली. हिऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरेत काचेसारखे द्रव्य वितळवून भरतात. त्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, हिऱ्याच्या २.४२ या वक्रीभवनांकाच्या जवळचा असल्यामुळे चीर डोळ्यांना जवळजवळ दिसेनाशी होते आणि खडा एक-दोन पायऱ्या नितळ भासतो. ही पद्धत १९८० च्या दशकापासून व्यापारात आहे. ती वापरणे हा गुन्हा नव्हे, पण ती लपवणे ही उघड फसवणूक आहे. दागिन्यांच्या व्यवसायाचा जागतिक महासंघ असलेल्या सीबजोचे नियमही अशी प्रक्रिया ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे असे म्हणतात. भरलेले द्रव्य हिऱ्यासारखे टिकाऊ नसते. सोनाराच्या ज्योतीने ते उकळून बाहेर येऊ शकते, आम्लात उकळल्यास निघू शकते आणि कंपनांनी स्वच्छ करणाऱ्या यंत्रातही त्याला इजा होऊ शकते. आयुष्यभर वापरायच्या अंगठीला कधी ना कधी दुरुस्ती लागतेच, आणि आमची अंगठी पहिल्याच दुरुस्तीत उघडी पडली असती. जीआयए अशा खड्यांना श्रेणीचे प्रमाणपत्र देतच नाही, कारण बुजवलेल्या चिरेसह नितळपणा ठरवणे तिला योग्य वाटत नाही. माझा खडा 'नावाचे पैसे' वाचवण्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत का गेला होता, याचा उलगडा मला त्या वेळी झाला.

आम्ही खडा नख्या उघडून, आच न लावता काढून घेतला आणि एका रत्नतज्ज्ञाला दाखवला. त्याने तो पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून, बाजूने पाहत नमुना खड्यांशी ताडला, कारण वरून पाहिले तर पैलूंचे परावर्तन रंग झाकते. त्याच्या मते रंग एफ नसून आय होता. नितळपणाची श्रेणी देण्यास त्याने नकार दिला. मग त्याने जी मोजमापे घेतली, त्यांनी मला चिरेइतकाच धक्का दिला.

खड्याची रुंदी ६.१७ मिमी होती आणि खोली रुंदीच्या ६८ टक्के. चांगले पैलू पाडलेला एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिमी रुंद असतो आणि त्याची खोली साठ टक्क्यांच्या आसपास असते. माझ्या खड्याचे वजन खालच्या निमुळत्या भागात आणि गर्डलमध्ये, म्हणजे वरचा व खालचा भाग जिथे मिळतात त्या जाड कडेत, साठवलेले होते, जिथे ते बोटावर घातल्यावर कोणालाही दिसत नाही. दुसऱ्या, नाकारलेल्या खड्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक माझ्या फोनमधील छायाचित्रात होता. तो मी जीआयएच्या संकेतस्थळावर टाकला : रुंदी ६.२७ मिमी, खोली ६१.२ टक्के. दहा सेंटने, म्हणजे ०.१० कॅरटने, हलका असलेला तो खडा वरून पाहता माझ्या खड्यापेक्षा मोठा होता. मी ज्याला लहान म्हणून बाजूला सारले तो मोठा होता, आणि ज्याला मोठा म्हणून निवडले त्याचे वजन पोटात दडवलेले होते. ते तसे का दडवतात हेही आता कळते : एक कॅरटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा, टप्पा ओलांडला की हिऱ्याचा प्रतिकॅरट दरच उडी मारतो, त्यामुळे कच्च्या खड्याचे वजन वाचवण्यासाठी पैलूंचा बळी दिला जातो. आणि पैलूंचे कोन बिघडले की प्रकाश वर परत न येता खालून निसटतो. माझा खडा ढगाळ दिवशी खिडकीपाशी मधोमध काळपट दिसे, तो उजेडाचा दोष आहे असे मी समजत होतो.

विक्रेत्याकडे गेल्यावर त्याने शांतपणे माझ्याच लिफाफ्यातील मूळ प्रमाणपत्र मागितले. अंगठीबरोबर मला खिशात मावेल असे एक प्लास्टिकचे कार्ड दिले होते, त्यावर वजन, रंग आणि नितळपणा एवढेच होते. पूर्ण प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात, पैसे भरून झाल्यावर मिळाले होते आणि मी ते उघडूनही पाहिले नव्हते. त्याच्या शेवटी, शेरा या सदरात, बारीक अक्षरांत 'नितळपणा वाढवलेला' असे इंग्रजीत लिहिलेले होते. 'आम्ही काहीच लपवले नाही,' असे तो म्हणाला. माझ्या हातात कार्ड देणारा, तक्ता बनवणारा आणि लिफाफा चिकटवणारा तोच होता.

माझी बाजू थोडीफार सावरली ती बिलामुळे. बिलावर त्याने 'नैसर्गिक हिरा, १.०२ कॅरट, एफ, व्हीएस-१' असे लिहिले होते आणि प्रक्रियेचा उल्लेख केला नव्हता. रत्नतज्ज्ञाचा लेखी अहवाल, बिलाची प्रत आणि प्लास्टिकच्या कार्डाचे छायाचित्र जोडून मी लेखी तक्रार केली, तेव्हा बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्याने खडा परत घेतला आणि रकमेचा काही भाग दिला. उरलेला गेला तो गेलाच. पैशांपेक्षाही, ज्या वस्तूवर आमच्या दोघांचा शब्द ठेवायचा होता तिच्याविषयी माझ्या होणाऱ्या पत्नीला मला हे सर्व सांगावे लागले, ते जास्त लागले. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

तुम्ही खडा निवडत असाल तर विक्रेत्याचा तक्ता बाजूला ठेवा आणि स्वतःचा बनवा. त्यात प्रयोगशाळेचे नाव, मिलिमीटरमधील रुंदी, खोलीचे टक्के, गर्डलची जाडी, गोल खडा असल्यास कटची, म्हणजे पैलू पाडण्याच्या दर्जाची, श्रेणी आणि शेरा या सदरातील प्रत्येक शब्द यांना रकाने द्या. मूळ प्रमाणपत्र पैसे देण्याआधी पूर्ण वाचा आणि त्याचा क्रमांक स्वतःच्या फोनवरून प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक जुळला म्हणून थांबू नका : प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक कोरल्याची प्रकरणे जीआयएनेच उघड केली आहेत, म्हणून खड्याची मोजमापेही कागदाशी ताडून घ्या. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही खरा हिराच असतो आणि तो घेण्यात काहीच वावगे नाही, पण तो तसा आहे हे सांगून आणि त्याच्याच किमतीत मिळाला पाहिजे. दोन्ही खडे सुटे असतानाच पाहा, कारण कोंदणात बसल्यावर त्यांचा रंग आणि कडा झाकल्या जातात. दोन्ही एकाच कापडाने पुसून, एकाच पांढऱ्या कागदावर, दिव्यांच्या झोतापासून दूर खिडकीच्या उजेडात ठेवा. विक्रेता यातल्या कशालाही नको म्हणाला तर तिथून उठा. मी उठलो नव्हतो.

नंतरचा खडा आम्ही दोघांनी मिळून अशाच पद्धतीने निवडला. तो ०.८१ कॅरटचा आहे, त्याची रुंदी ६.०१ मिमी आहे, म्हणजे त्या १.०२ कॅरटच्या खड्यापेक्षा फक्त ०.१६ मिमी कमी. त्याच्या बिलावर 'नैसर्गिक हिरा, कोणतीही प्रक्रिया न केलेला' असे लिहून घेतले आहे, आणि कोंदणात बसवल्यानंतर गर्डलवरचा क्रमांक तिने स्वतः भिंगातून वाचला.